ठोकून घेतलेलं मशीन

ठोक्याच्या डाव्या हाताची दोन बोटं खडी क्रशरच्या जबड्यात गेली, त्याच्या सतराव्या दिवशी मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. आधी कागद पुढं केला, मग पाकीट. कागद मुकादमानं वाचून दाखवला, अंगावरची माशी हाकलावी तसा भराभरा: अडकलेला दगड काढायला हात मी आपणहून घातला, चूक माझी, यापुढं माझी काही तक्रार नाही. ठोक्यानं अंगठा उठवला. गेली ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. अंगठे दोन्ही शाबूत होते, मालकाचं नशीब.

बाहेर बायको रिकामी पाटी घेऊन उभी होती.

"काय लिहून घेतलं?"

"असतं नेहमीचं काहीतरी."

"वाचून कुणी दाखवलं?"

"मुकादमानं."

"म्हणजे झालंच."

संध्याकाळपर्यंत खोल्यांच्या सगळ्या ओळीत पाकिटाची बातमी पसरली. कुणी म्हणालं पत्रे बदल, कुणी म्हणालं शेळी घे. मेव्हणा म्हणाला, माझ्याकडे ठेव, जपून राहील. ठोक्या म्हणाला, "पोरीचं लिहायचं मशीन आणायचं. पैसे माझ्या बोटांचे आहेत. ज्याला आणखी काही सुचवायचंय, त्यानं आपली बोटं घालावीत."

त्यावर कोण काय बोलणार? सगळा घोटाळा तिथंच झाला. त्या दिवसापासून घरात ठोक्यापुढं कुणाचं चालेना. बोटं गमावून बसलेल्या माणसाला तू चुकतोयस असं सांगायला फार निगरगट्ट जीभ लागते.

पोरगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी बसनं फाट्यापर्यंत, तिथून तीन किलोमीटर चढ. पुढल्या वर्षासाठी कॉलेजच्या वसतिगृहात दहा जागा फुकट होत्या, फीसुद्धा माफ. त्या दहा जणांची निवड एका निबंधावर. विषय, श्रमाची प्रतिष्ठा. शब्द दीड हजार. फळ्यावर नोटीस होती: निबंध टाईप केलेलाच हवा, पेनड्राईव्हवर आणून द्यावा, सोमवारी सकाळी दहापर्यंत. हस्तलिखित स्वीकारले जाणार नाही. या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी दोनदा रेघ मारली होती.

आधीचे निबंध तिनं फोनवर अंगठ्यांनी टाईप केले होते. तो फोन पडला आणि पडद्याचा खालचा भाग मेला, नेमका अक्षरांच्या पट्टीचा. कॉलेजात आठ संगणक. त्यातले चार चालू, आणि रांगेत साठ पोरं. बापाची बोटं गेल्यावर घरातून फी निघणार नव्हती. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर काय, हे मुकादमानं परस्पर ठरवून टाकलं होतं. "पोरगी उंच आहे," तो आईला म्हणाला होता, "पाटी छान पेलेल."

सोमवारला नऊ दिवस होते तेव्हा तिघं बाजारपेठेत गेली.

लॅपटॉपचं दुकान चपलांच्या आणि औषधांच्या दुकानांमध्ये चेंगरलेलं. काचेचं दार, आत गार हवा. आईनं दारातच चपला काढल्या. दुकानदार म्हणाला, "अहो मावशी, चपला घालूनच या, इथं कुणी काढत नाही," आणि तिच्या तळव्यांकडं बघत राहिला. दोन गिऱ्हाइकंही बघायला लागली. खडीच्या भुकटीनं तळव्यांच्या भेगा पांढऱ्या पडलेल्या. तिनं चपला परत पायात घालायला घेतल्या, तर एक उलटी पडली.

"बोला काका, काय दाखवू?"

पोरीनं वहीचं पान काढलं. "वापरलेलं चालेल. वजनाला हलकं हवं, रोज चढ आहे. बॅटरी चांगली हवी, घरी विजेचा भरवसा नाही. मराठी टाईप झालं पाहिजे. निबंध लिहायचेत, बाकी काही नको."

"ताई, गिऱ्हाईक असं पाहिजे. लोक येतात आणि म्हणतात, चांगलंसं द्या. चांगलंसं म्हणजे काय, माझी बायको का?"

तो एकटाच हसला. मग त्यानं दोन मशीनं काउंटरवर ठेवली. एक राखाडी, चपटं, झाकणावर ओरखडे. सव्वा किलो वजन, बॅटरी सात तास. दुसरं काळं, जाडजूड, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं. चार्जर धरून साडेतीन किलो. दोन्हींची किंमत सारखीच, आणि दोन्ही पाकिटात बसणारी.

पोरीनं राखाडी उघडलं. दोन ओळी टाईप केल्या. बोटं जरा अडखळली, मग चालायला लागली. तिनं मशीन एका हातावर उचलून बघितलं, पोटाशी धरून बघितलं. कपडे शिवायला टाकताना माप देते तसं. "बाबा, हे."

ठोक्याला ठोक्या म्हणायचे ते उगाच नाही. वीस वर्षं तो खाणीत दगड फोडत होता. फोडण्याआधी हातोडीनं दगडाला हलकंच ठोकायचा आणि कान द्यायचा. सलग दगड टणकन वाजतो. आत भेग असेल तर आवाज बसका येतो, आणि असा दगड भलतीकडं फुटून तोंडावर येतो. ठोक्याचा कान कधी चुकला नाही. इंजिनिअरसुद्धा त्याला बोलवायचे. आयुष्यात कुणी मान दिला असेल तर तेवढ्यासाठी.

त्यानं राखाडी मशीन पुढं ओढलं, उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्या पाठीवर वाजवलं, कान खाली नेला. आवाज बसका आला.

"पोकळ आहे."

"बाबा, तो प्लास्टिकचा आवाज आहे."

"पोकळ ते पोकळ." मग काळ्यावर वाजवलं. घट्ट आवाज आला, भरीव. ठोक्याचा चेहरा उजळला. "हे बघ. हे सलग आहे."

ते काळं दुकानदाराकडं दीड वर्ष पडून होतं. त्यानं संधी सोडली नाही. "काका, पारख आहे तुम्हाला! असली पारख आमच्या धंद्यात कुणाला नाही. ऑफिसचा माल आहे. दणकट."

आई इतका वेळ मागं उभी होती. ती पुढं आली. एका हातात राखाडी घेतलं, एका हातात काळं, डोळे मिटले. रोज दीडशे पाट्या वाहणारी बाई. वजन तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"हलकं घ्या," ती म्हणाली. "हे दुसरं अर्ध्या चढात मानेत उतरेल."

"तू गप. पाटी आहे का ती?"

"वजन ते वजन. पाटीत आहे का पिशवीत, त्याला काय ठाऊक?"

"मावशी," दुकानदार म्हणाला, "वजन आहे म्हणजे मालात माल आहे."

"दगडातपण असतो."

पोरीनं विचारलं, "याची बॅटरी किती चालते?"

"बॅटरीचं काय एवढं, ताई? वायर लावून वापरायचं. वायर चांगली लांब आहे."

"म्हणजे चालतच नाही."

"तसं कुठं म्हणालो मी?"

"बाबा, मला ते छोटंच..."

ठोक्यानं इतका वेळ खिशात लपवलेला डावा हात बाहेर काढला, काळं मशीन दोन्ही हातांनी आपल्याकडं सरकवायला. बँडेज पिवळं पडलेलं. दुकानदारानं विचारलं, "हाताला काय झालं?" ठोक्या म्हणाला, "काही नाही, लागलं जरा." पोरगी बँडेजकडं बघत राहिली. मग तिनं वहीचं पान घडी घालून ठेवून दिलं.

"चालेल," ती म्हणाली. "हेच घेऊ."

बसमध्ये मशीन आईनं मांडीवर घेतलं. उतरताना तिच्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या.

कामगारांच्या खोल्यांना वीज क्रशरच्याच डीपीवरून येते. क्रशर सुरू झाला की बल्ब लाल होतो, पंख्याची पाती मोजता येतात. रस्त्याचं काम पावसाआधी उरकायचं म्हणून क्रशर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालत होता, रविवारीसुद्धा. दहाला मुकादम खोल्यांची लाईन खाली पाडून घरी जायचा. फुकटात पंखे फिरलेले त्याच्या डोळ्यांत खुपायचे.

पहिल्या दिवशी पोरीनं वायर लावली, बटण दाबलं. ठोक्या सगळ्या ओळीला बोलावून आला होता. मशीन घुरघुरलं, पडदा उजळला. "बघा," ठोक्या म्हणाला. तेवढ्यात तिकडं जबड्यात मोठा दगड पडला, बल्ब मिणमिणला आणि पडदा काळा झाला.

"झोपलं का काय?" शेजारची म्हणाली.

"दमलं असेल, ऑफिसातनं आलंय," तिचा नवरा म्हणाला. लोक हसत पांगले. ठोक्यानं मशीनच्या पाठीवर पुन्हा पेर वाजवून बघितलं.

राहिला दुपारचा एक तास. एक ते दोन जेवणासाठी क्रशर थांबायचा. कॉलेजला परीक्षेआधीची सुट्टी लागली होती, त्यामुळं पोरगी घरीच. एकला भोंगा झाला की ती बटण दाबायची. मशीन चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचं. उरलेल्या पन्नास मिनिटांत ती लिहायची, जेवत नसे. आई घाम पुसत यायची, डबा उघडायची आणि भिंतीला टेकून तिच्या बोटांकडं बघत बसायची. एक घास पोरीच्या तोंडाशी न्यायची. पोरगी तोंड उघडायची, डोळे पडद्यावर. लहानपणी अशीच जेवायची, फक्त तेव्हा समोर कावळा लागायचा.

कागदावर आधीच लिहून काढ आणि मग उतरव, असं शेजारच्या मास्तरणीनं सांगितलं होतं. पोरीनं दोनदा लिहिलंही. पण टाईप करायला बसली की वेगळंच यायचं, कागदावरच्यापेक्षा खरं. मग तिनं कागद बाजूला टाकले.

गुरुवारी ती मशीन पाठीला लावून कॉलेजात गेली, ग्रंथालयात बसून लिहावं म्हणून. चढ चढताना पट्टा खांद्यात रुतला. वर पोचेपर्यंत मान एका बाजूला वळेना. ग्रंथालयात पाणी गार करायच्या मशीनशेजारी एक प्लग होता. तिनं वायर लावली, तोच ग्रंथपाल आला.

"ए, काय लावलंस?"

"सर, निबंध लिहितेय. वसतिगृहाचा."

"खाजगी वस्तूला कॉलेजची वीज नाही. बॅटरीवर लिही की."

"बॅटरी नाही त्याला."

"मग असलं घेतलंस कशाला?" पलीकडच्या टेबलावर एक मुलगी मांडीवर चपटं मशीन ठेवून लिहीत होती, खिडकीत पाय सोडून, कुठं वायर नाही की काही नाही. पोरगी तिच्याकडं बघत वायर गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर आईनं तिचा ब्लाउज खांद्यावरून सरकवून बघितला. पट्ट्याच्या रुंदीचा वळ, काळानिळा. आईच्या मानेवर तसलाच जुना घट्टा होता. तिनं गरम पाण्यात फडकं पिळून लावलं. ठोक्या दारात बसून होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही, लागलं जरा," पोरगी म्हणाली. ठोक्या उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून त्यानं मशीनचं नाव काढलं नाही.

शनिवारपर्यंत अकराशे शब्द झाले. रविवारी एक तास मिळाला की झालं.

रविवारी एक वाजला, भोंगा झाला नाही. ट्रक ताटकळत उभे होते. मुकादमानं सांगितलं, आज थांबणं नाही, आळीपाळीनं खा. सव्वा वाजता ठोक्या खडीच्या सरकत्या पट्ट्याखालून निघाला आणि केबिनच्या दारात उभा राहिला. एका हातानं खडी निवडायच्या कामावर त्याला परत घेतलं होतं, निम्म्या रोजावर, आणि तेही उपकार म्हणून.

"मुकादम, अर्धा तास क्रशर थांबला असता तर..."

"का रे? आणखी एक बोट गेलं का?"

"पोरीचा निबंध आहे. उद्या द्यायचा आहे."

मुकादम हसला ते ट्रकवाल्यांना ऐकू जावं म्हणून. "ऐका रे, निबंधासाठी क्रशर थांबवा म्हणतो! ठोक्या, लेका, तुझं डोकंपण गेलं का जबड्यात?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "केबिनला इन्व्हर्टर आहे. बसव पोरीला इथं. मी काय खातो का तिला?"

ठोक्यानं खोलीवर येऊन निरोप सांगितला. पोरगी बापाकडं बघत राहिली. आईनं पाटी भिंतीला उभी केली. "चल. मी येते बरोबर."

मुकादम आईला बघून म्हणाला, "तुझं काय काम? रोज कापीन."

"कापा," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली, पाठ चौकटीला, तोंड आत. प्लग तिच्या डोक्यापाशीच भिंतीत होता. तिनंच वायर लावली.

केबिनमध्ये पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. पोरीनं लिहायला घेतलं. अर्धा तास बरा गेला. बाहेर दगड दळला जात होता आणि आत टकटक चालली होती. मुकादम फोनवर बोलला, पावत्या फाडल्या, चहा प्यायला. मग कप घेऊन पोरीच्या मागं येऊन उभा राहिला.

"बघू, काय लिहितेस." आणि मोठ्यानं वाचायला लागला, पहिलीतलं पोर वाचतं तसा हेल काढून. "श्रमाला प्रतिष्ठा आहे असे पुस्तकात असते. वा! आमच्या खोल्यांच्या ओळीत श्रमाला खोकला आहे. हे चांगलंय, खोकला." तो हसला. पोरीचे कान लाल झाले. मग त्याचा आवाज हळू झाला. "माझ्या वडिलांची दोन बोटे क्रशरमध्ये गेली. त्यांची खडी झाली. ती खडी नव्या रस्त्यात आहे आणि त्या रस्त्याने तुम्ही सगळे येता-जाता."

त्यानं कप टेबलावर ठेवला. "हे काढ."

पोरीनं पुढचा शब्द टाईप केला.

"तुझ्या बापानं लिहून दिलंय, चूक त्याची आहे म्हणून. उद्या हे कॉलेजात गेलं, कुणी छापलं, तर मालक कुणाला धरेल? मला. काढ. नाहीतर उचल मशीन आणि जा."

पोरीनं पडद्याच्या कोपऱ्यात वेळ बघितली. पावणेतीन. दोनशे शब्द राहिले होते. पेनड्राईव्ह तिच्या मुठीत होता, अजून रिकामाच. तिनं एक बोट कडेच्या बटणावर ठेवलं आणि दाबायला सुरुवात केली. अक्षरं मागून एकेक नाहीशी व्हायला लागली.

"काय चाललंय?" आईनं उंबऱ्यावरून विचारलं.

"काही नाही," मुकादम म्हणाला.

"पोरी, तुला विचारतेय. काय काढायला लावलं त्यानं?"

"बाबांची बोटं," पोरगी म्हणाली. बोट बटणावरच होतं.

क्रशरवर पाटी धरलेल्या बाईला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. खडीच्या पट्ट्याला शेवटपासून शेवटपर्यंत दोरी बांधलेली असते. जाऊ नये ते पट्ट्यावरून पुढं जायला लागलं, कुणाचा पदर, कुणाची चप्पल, की विचारत बसायचं नाही, दोरी ओढायची. पट्टा थांबतो आणि जे जिथं असेल ते तिथंच राहतं. मग सावकाश जाऊन उचलून घ्यायचं. बारा वर्षांत तिनं कितीदा ती ओढली असेल. जबड्याला तसली दोरी नाही.

तिनं हात वर केला आणि प्लग उपसला.

पडदा काळा झाला. पंखा फिरत राहिला.

"गेलं!" मुकादम म्हणाला आणि खुर्चीत बसला. "बरं झालं. माझी कटकट मिटली."

पोरीनं प्लग परत लावला. बटण दाबलं. आतून कटकट असा आवाज आला, दातावर दात आपटल्यासारखा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली. तिनं पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. तीच ओळ. पाच वेळा केलं. सहाव्यांदा ओळही आली नाही.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं.

"आत काही नाही म्हणतंय."

"असं कसं? मी थांबवलं फक्त. होतं तसं असेल ते."

पोरीनं वायर गुंडाळली, मशीन पिशवीत घातलं, पट्टा त्याच वळावर घेतला आणि बाहेर पडली. आई मागोमाग. शंभर पावलं क्रशरच्या आवाजातच गेली. धूळ इतकी की पट्ट्याखालचा ठोक्या नुसता एक पांढरा माणूस दिसत होता. त्यानं दोघींना पाहून हात वर केला. झालं का, असं त्याला विचारायचं होतं. पोरीनं मान फिरवली.

खडीच्या ढिगापलीकडं आवाज जरा कमी झाला, तिथं ती थांबली.

"आई, एक ओळ होती गं."

"तुझ्या बापाची होती."

"मी परत घातली असती! त्याच्यासमोर काढली असती आणि उद्या कॉलेजच्या दारात परत घातली असती. अर्धं मिनिट लागतं."

आई तिच्याकडं बघत राहिली. "काढलेलं परत घालता येतं त्यात?"

"येतं."

"हवं तितक्यांदा?"

"हवं तितक्यांदा."

आईनं पदरानं चेहरा पुसला, तर घामात कालवलेली भुकटी आणखीच पसरली. पोरीचे डोळे कोरडे होते. ती खोल्यांकडं चालायला लागली, पिशवीच्या बाजूला झुकून, एक खांदा वर, एक खाली. तिच्याकडं बघून आईला आपल्या कामावरच्या बायकांची चाल आठवली.

ती धावत जाऊन तिच्या बरोबरीनं चालायला लागली. "दे इकडं. जड आहे."

"राहू दे."

"अगं, मान बघ तुझी. दे."

"राहू दे म्हटलं ना, आई. उद्यापासून सवय लागायचीच आहे."